तेल घातलं की मरणारी मोटार

विहिरीवरची मोटार जळाली की माणूस आधी व्होल्टेजला शिव्या देतो, मग मोटार टेम्पोत टाकून परभणी गाठतो. मीही तेच केलं. जिंतूर रोडला एक रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आत वार्निशचा वास, खिळ्यांना लटकलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि एक जाडजूड वही. मालकांनी तीस-पस्तीस वर्षांत उकललेल्या प्रत्येक मोटारीची नोंद त्या वहीत आहे: किती स्लॉट, किती टर्न, कुठल्या गेजची तार. सगळं गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतं. म्हणून त्या दुपारी एक मुलगी येऊन "मामा" म्हणाली, तेव्हा ती त्यांची सख्खी भाची आहे हे कळायला मला जरा वेळच लागला.

ती नांदेडच्या विद्यापीठात फिजिक्समध्ये एमएस्सी करते. तिचा भाऊ मानवतला लग्नाचे फोटो काढतो. ऐन लग्नसराईत त्याच्या लेन्सचा ऑटोफोकस बंद पडला होता, आणि त्या लेन्सचं काळीजच तिनं रुमालात बांधून आणलं होतं. बांगडीएवढी धातूची एक कडी, वरच्या अंगाला बारीक दात, खालच्या अंगाला चिकटवलेला पातळ करडा थर आणि त्यातून निघालेली कागदासारखी लवचीक पट्टी. सोबत एक दुसरी, साधी गुळगुळीत कडी. कंपनीचं नाव मी सांगत नाही. दोष तिचा नव्हताच.

माझी पाच एचपीची मोटार बाकावर पोट फाडून पडली होती. मामांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"ही कशाची वॉशर आणलीस?"

"वॉशर नाही मामा, मोटार आहे."

मामांनी कडी उलटीसुलटी केली. "कॉईल कुठंय?"

"नाही."

"चुंबक?"

"तेही नाही."

"बेअरिंग नाही, बुश नाही, शाफ्ट नाही. मग हिला मोटार कामून म्हणायलीस?" आणि सवयीनं त्यांचा हात तेलाच्या डबीकडे गेला. "जाम झाली असंल. थांब, दोन थेंब सोडू."

भाचीनं त्यांचं मनगटच धरलं. "मामा, तेल नको! तेलानंच मेली ती."

झालं होतं असं, की फोकस चिरकायला लागला म्हणून भावाच्या कुण्या मित्रानं लेन्स उघडून आत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. प्रेमानंच. त्यानंतर चिरकणं थांबलं आणि फिरणंही थांबलं.

मामा तिच्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं जन्मभर मोटारींतली घासाघीस आणि थरथर काढण्याचेच पैसे घेतले, त्याला तेलानं मरणारी मोटार म्हणजे पाण्यात विरघळणारा मासा. "मला नीट सांग," ते म्हणाले, "आन् फिजिक्सच्या भाषेत सांगू नको."

तिनं चहाच्या शेगडीजवळचा लायटर उचलला. खट्. ठिणगी पडली. "यात सेल आहे का?"

"नाही. खडा असतो आत."

"त्या खड्यावर आतली हातोडी आदळते आणि काही हजार व्होल्ट तयार होतात. दाब दिला की वीज. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या दोन भावांनी हे दाखवलं. क्वार्ट्झ, टुर्मलीन असले स्फटिक दाबून. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणित मांडलं, की हे उलटंही चालायला पाहिजे. वीज दिली तर खडा फुगला किंवा आखडला पाहिजे. क्युरी बंधूंनी तेही लगेच करून दाखवलं. याला पायझो परिणाम म्हणतात. या कडीखालचा करडा थर म्हणजे तसाच खडा, फक्त खाणीतला नाही, भट्टीतला. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड भाजून केलेला. कुंभाराचाच माल म्हणा ना. सोनोग्राफीवाले पोटावर फिरवतात त्या दांडीतही हाच असतो."

"किती फुगतो?"

"इथं कडीचा पृष्ठभाग वरखाली होतो तो एखादा मायक्रॉन. केसाच्या जाडीचा साठावा-सत्तरावा भाग."

मामा माझ्याकडे बघून हसले. "बघा सर. केसाच्या सत्तराव्या भागावर मोटार चालायली."

मी सर नाही, शेतकरी आहे. पण चष्म्यामुळे परभणीत मला सगळे सर म्हणतात. मीही हसलो. खरं तर माझाही विश्वास बसलेला नव्हता.

"एकदाच फुगून काहीच होणार नाही," ती म्हणाली. "पण सेकंदाला तीस-चाळीस हजार वेळा. माणसाचा कान वीस हजारांपर्यंतच ऐकतो, म्हणून ही मोटार चालताना आवाज येत नाही. कुत्र्याला येत असेल कदाचित."

"थरथरती म्हण की! थरथरणं म्हणजे फिरणं नाही. वाळू चाळायची चाळणीबी थरथरते, ती कुठं जाते का?"

हा आक्षेप मला पक्का वाटला. भाचीलाही वाटला असावा, कारण ती पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागली: दोन स्थिर लहरी, साइन आणि कोसाइन, बेरीज. मामांच्या चेहऱ्यावर दुपार उतरली. पण त्यांचं अर्धंच लक्ष तिच्याकडे होतं. ते भिंग लावून कडीचं बूड बघत होते.

"हे चांदीचे तुकडे कसले?"

"त्या थरावर चांदीचा मुलामा देऊन पाडलेले भाग आहेत. एक तुकडा वीज दिल्यावर ताणला जातो, त्याच क्षणी शेजारचा आखडतो, त्याच्या शेजारचा परत ताणला जातो."

"म्हणजे एक नॉर्थ, एक साऊथ. हे तर पोल झाले." मामांचं बोट कडीवरून फिरत होतं. "आन् हे बग. एवढ्या तुकड्यांचा एक गट. मग जरा फट. मग दुसरा गट. दोन गट कामून केले? एकच सलग का नाही केला?"

"तेच तर मी—"

"थांब, बोलू नको." त्यांनी कडी खाली ठेवली, छताकडे बघितलं. छताला एक जुना पंखा होता. "पंख्याचा कंडेन्सर गेला की काय होतं?"

"घुमतो, पण फिरत नाही," मी म्हणालो. मराठवाड्यात हे उत्तर देता न येणारा माणूस सापडणार नाही.

"कामून फिरत नाही? तर लाईट एकाच वाइंडिंगमधून चालली. चुंबकाचा जोर जागच्या जागी वाढतो, कमी होतो, वाढतो, कमी होतो. रोटरला कळत नाही डावीकडं जावं की उजवीकडं. काडीनं ढकला, मग फिरतो. म्हणून दुसरं वाइंडिंग घालतो आम्ही, स्टार्टिंगचं. ते पहिल्याच्या जागेवर बसवत नाही, मधल्या स्लॉटात सरकवून बसवतो. आन् कंडेन्सर त्याची लाईट पुढं ढकलतो. जागेतबी फरक, वेळेतबी फरक. तवा चुंबकाचा जोर गोल धावायला लागतो." ते भाचीकडे वळले. "हा दुसरा गट असाच अर्ध्या पोलानं सरकवलेला हाय का नाही?"

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "हो. पाव लहरीनं. आणि दुसऱ्या गटाला वीज पाव आवर्तन मागं-पुढं देतात."

"मग एवढं साइन कोसाइन करायलीस कशाला? कंडेन्सरची मोटार आहे म्हणायचं."

हा क्षण मला पुढचे बरेच दिवस आठवत राहिला. पदव्युत्तर वर्गात फळाभर गणित करून जे शिकवतात, ते या माणसाच्या हाताला तीस वर्षांपासून माहीत होतं, फक्त तांब्याच्या भाषेत. एकाच गटाला वीज दिली तर कडी जागच्या जागी वरखाली होते, पंख्यासारखी नुसती घुमते. दोन्ही गटांना पाव आवर्तनाच्या फरकानं दिली की कडीच्या पोलादात उठलेली लाट गोल धावू लागते. मामांनी लगेच पुढचंही विचारलं: स्टार्टिंगच्या दोन तारा अदलाबदल केल्या की आमची मोटार उलटी फिरते, हिचं काय? तेच. एका गटाचा फेज उलटा केला की लाट उलटी धावते.

"निकोला टेस्लाचं तुमच्या मोटारीचं पेटंट १८८८ चं," भाची म्हणाली. "क्युरींचा शोध १८८० चा. एकाच दशकातल्या दोघी. तुमची लगेच कारखान्यात गेली. ही शंभर वर्षं बसून राहिली."

"कामून?"

"चांगला खडा नव्हता. असा जोरदार सिरॅमिक माल १९५० नंतर आला. आणि सेकंदाला चाळीस हजार हेलकाव्यांची वीज, तीही शंभरेक व्होल्टची, तळहाताएवढ्या सर्किटमधून देणारं इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. कीवमध्ये लाव्रिनेंको यांनी १९६० च्या दशकात पहिली मोटार केली. धावत्या लाटेची ही पद्धत १९८२ मध्ये जपानच्या तोशिइकू साशिदा यांनी बसवली. १९८७ मध्ये कॅननच्या ३०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ती पहिल्यांदा बाजारात आली."

"जपानी? मला वाटलं जर्मन असंल."

"जर्मनीतही होतात पायझो मोटारी. कार्ल्सरुहेत मोठी कंपनी आहे."

"मग बरोबर आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी."

"परभणीत कुठं आहे?"

"ही काय, बाकावर."

चहा आला. मामांनी बशीत ओतता ओतता मूळ मुद्दा सोडला नाही. लाट धावते हे कबूल. पण लाट धावली म्हणून वरची कडी का धावेल? ज्वारीच्या रानात वारा आला की लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते, कणसं मात्र जागेवरच असतात.

"ज्वारीचंच घ्या," ती म्हणाली. "परभणी मोतीचं एक ताट डोळ्यासमोर धरा. बुडाशी हलतं किती? काहीच नाही. कणीस मात्र हातभर झुलतं. या कडीचे दात म्हणजे ती ताटं. कडी लाटेत वाकली की दात तिरके होतात आणि त्यांचे शेंडे झुलतात. दात जितका उंच, तितकं झुलणं जास्त. म्हणून दात पाडले आहेत, गियरसारखे एकमेकांत अडकायला नाही. वरच्या कडीला दात नाहीतच, बघा."

मामांनी दुसऱ्या कडीवर नख फिरवलं. गुळगुळीत.

"आता शेंडा वरखालीही होतो आणि पुढं-मागंही. दोन्ही मिळून तो लांबट गोल काढतो, बैल घाण्याला फिरतो तसा. वर असताना एका दिशेला जातो, खाली गेल्यावर परत येतो. वरची कडी स्प्रिंगनं दाबून बसवलेली असते. ती टेकते फक्त लाटेच्या माथ्यावर, म्हणजे जे शेंडे त्या क्षणी वर आहेत त्यांच्यावर. ते सगळे एकाच दिशेला ढकलत असतात. परत येणारे शेंडे खाली असतात, त्यांचा स्पर्शच होत नाही. हमाल रांगेत उभे राहून पोतं डोक्यावरून पुढं सरकवतात ना, तसं. हमाल जागेवरच, पोतं थप्पीला लागतं. गंमत म्हणजे वरची कडी लाटेच्या उलट्या दिशेला जाते."

"आन् वेग?"

तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. गोलाची त्रिज्या एक मायक्रॉन धरली तर एका फेऱ्यात सव्वासहा मायक्रॉन. सेकंदाला चाळीस हजार फेरे. गुणाकार आला अडीच लाख मायक्रॉन, म्हणजे सेकंदाला पंचवीस सेंटिमीटर. साठ मिलिमीटरच्या मोटारीचा घेर सतराएक सेंटिमीटर धरला तर सेकंदाला दीड फेरा, मिनिटाला नव्वदच्या आसपास. "शिन्सेई या जपानी कंपनीची याच मापाची मोटार मिनिटाला शंभर फेऱ्यांची असते. आपला कच्चा हिशोब जवळपास बसला."

केसाचा सत्तरावा भाग चाळीस हजार वेळा. बाजारात चिल्लर मोजताना असंच होतं. पिशवी उचलताना कळतं.

"म्हणजे," मामा सावकाश म्हणाले, "हिला ढकलायला घासणंच पाहिजे. टायर आन् रस्ता असतो तसं. तेल टाकलं की शेंडे नुसते खालून घसरायले."

"हेच. घर्षण हाच हिचा गियर, हाच हिचा क्लच."

"आन् बंद केल्यावर हाच ब्रेक!" मामा एकदम म्हणाले. स्प्रिंगचा दाब तर लाईट गेल्यावरही राहतो. सबमर्सिबल बंद झाली आणि वॉल्व्ह गळका असला, तर पाइपातलं पाणी खाली येताना पंपाला उलटं फिरवतं. असल्या मोटारी त्यांनी किती दुरुस्त केल्या असतील. ही मात्र वीज गेली की जिथल्या तिथं घट्ट. मला वाटलं, आता मामा भाचीच्या बाजूला गेले.

कसलं काय. चहा संपला तसे ते सरसावून बसले.

"कळली मला तुही मोटार. आता माझं ऐक. दोन पृष्ठभाग घासून चालणारी वस्तू झिजणारच. किती तास चालते?"

"साठ मिलिमीटरच्या त्या मोटारीला कंपनी हजारेक तास सांगते."

"हजार! सर, तुमची मोटार रब्बीत रोज आठ तास चालते. सव्वाशे दिवसांत खलास. हरभरा निघेपर्यंत."

"पण हिला विहिरीवर कोण बसवतंय? दादा एका लग्नात तीन हजार फोटो काढतो. दर फोटोला अर्धा सेकंद फोकसला. हजार तास म्हणजे छत्तीस लाख सेकंद, म्हणजे बहात्तर लाख फोटो. चोवीसशे लग्नं."

"तेवढे मुहूर्त तर नसतात जिल्ह्यात."

"म्हणूनच! काम बघून मोटार निवडायची. लेन्सचं काम काय? जड काच थोडीशी फिरवायची, सावकाश पण जोर लावून, आणि नेमक्या जागी थांबवायची. तुमची छोटी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. तिला गियर लावून वेग मारावा लागतो. गियर आला की ढील आली, घरघर आली. कॉईलची मोटार थांबायचं म्हटलं तरी जडपणानं दोन पावलं पुढं जाते. ही सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबते. शिवाय पोकळ कडी असल्यानं मधून प्रकाश जातो. लेन्सच्या गोल नळीत याहून चांगली मोटार कशी बसवणार?"

"वीज किती खाते?"

"ते मात्र—" ती थोडी घुटमळली. "दिलेल्या विजेतला तिसरा हिस्सा कामाला लागला तर चांगलं."

"माझी मोटार पाऊण हिस्सा देते."

"तुमची पाच एचपीची देते. तीच बोटाच्या पेराएवढी करून बघा. तार बारीक झाली की बरीच वीज तारेच्या गरमीतच जाते. जितकी लहान, तितकी ती आळशी. ही लहान झाली तरी फारशी बिघडत नाही."

मामांनी हे मनात नोंदवलेलं दिसलं. रिवाइंडिंगवाल्याला बारीक तारेची गरमी समजावून सांगावी लागत नाही. पण उत्तर दिलं ते वेगळंच: "मनगटातल्या घड्याळात कॉईल आहे की. केवढुशी असते!"

"असते. पण त्या कॉईलला सेकंदाला एक ठोका द्या, असं कोण सांगतं? क्वार्ट्झचा खडा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, पायझोनंच."

"म्हणजे खड्यानं नुसतं मोजायचं आन् काटा ओढायचा कॉईलनं. बरोबर वाटणी केली."

ही फेरी मामांची. मग भाचीनं एमआरआयचं काढलं. त्या यंत्रात एवढं बलवान चुंबक असतं की जवळ लोखंडी खुर्ची न्यायची सोय नाही. आत रुग्णाच्या अंगात नेमकी सुई सरकवणारं यंत्र बसवायचं तर त्यात कॉईल-चुंबकाची मोटार कशी चालेल? तिचं चुंबक त्या चुंबकात अडकेल आणि प्रतिमाही बिघडेल. तिथं संशोधक पायझोच्याच मोटारी घेतात. मामांनी मान डोलावली. चुंबकाशी वाद घालता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

"आणि लांब कशाला जायचं, औंढ्याला या," ती म्हणाली.

औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आमच्याच परभणीत होतं, आणि आमच्या पिढीच्या तोंडी अजूनही आहे. तिथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या आणि लेसर.

"त्या निर्वात जागेत तेलाची वाफसुद्धा चालत नाही. आरशावर बसली की आरसा गेला. अमेरिकेतल्या लायगोत काही आरसे लांबून किंचित तिरके करायला पायझोनं फिरणारे स्क्रू आहेत."

"ही लाटेची मोटार?"

"नाही, तिची चुलत बहीण. तिथं लाट नसते. पायझो स्क्रूला धरून सावकाश वळवतो आणि मग झटक्यात मागं येतो. झटका इतका जलद, की स्क्रू जागेवरच राहतो. भरल्या ताटाखालचं कापड झटकन ओढलं तर ताट राहतं ना, तसं. पुढं सरकायचं घर्षणानं, आणि मागं यायचं घर्षणाला चकवून."

"तिथंबी तेल नको." मामांना हे फार आवडलेलं दिसलं. लगेच मात्र ते त्यांच्या खऱ्या तक्रारीवर आले. मला वाटतं, सुरुवातीपासून त्यांना तेच म्हणायचं होतं.

"हे सगळं खरं. पण उद्या हा खडा तडकला, तर मी काय करू? सरांची मोटार जळाली. मी तार काढली, मोजली, वहीत लिहिली, उद्या नवी भरून देतो. तांबं भंगारातबी विकतं. हिचं काय भरू? खडा परभणीत भाजता येतो का? त्याच्या सर्किटात काय हाय ते कुणी सांगतं का? बाहेर पाठवायचं, दोन महिने वाट बघायची, तोवर लग्नसराई संपली. मोटार चांगली असंल. पण जी उघडून दुरुस्त होत नाही ती माझ्या लेखी भाड्यानं आणलेली वस्तू हाय."

भाची म्हणाली की खडा सहसा तडकत नाही, मोटार बिघडते ती चिकटपणा, धूळ, ओल यांनी. पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. मग तिनंच त्यांच्या बाजूनं एक भर घातली, हे तिचं मला विशेष वाटलं: आता व्हिडिओचे दिवस आले, फोकस सारखा अलगद हलत ठेवावा लागतो, काचाही हलक्या झाल्या. त्यामुळे काही नव्या लेन्समध्ये सरळ रेषेत सरकणारी कॉईल-चुंबकाची मोटार परत आली आहे.

"बग! शेवटी कॉईलच."

"काही लेन्समध्ये, मामा."

"काही तर काही."

मामांनी कडीची पट्टी निरखली. एक टाका सुटल्यासारखा दिसत होता. त्यांनी सोल्डरिंगची गन उचलली, आणि भाचीनं दुसऱ्यांदा त्यांचं मनगट धरलं.

"टाका मारा, पण टेकवून लगेच उचला. हा खडा केल्यावर त्याला जबर व्होल्टेज देऊन एका दिशेनं वळण लावलेलं असतं. तीनेकशे अंशांवर गेला की ते वळण पुसलं जातं. मग दिसायला खडा तसाच, पण मेलेला."

"चुंबक तापवलं की मरतं तसं?"

"अगदी तसं. त्या तापमानाला नावही एकच आहे, क्युरी तापमान. तोच पिएर क्युरी. पुढं चुंबकांवरही त्यानं काम केलं."

मामांनी टाका असा मारला की गन टेकली कधी आणि उठली कधी ते मला दिसलं नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांच्या शेडमध्ये, घाम न पुसता. मग भाचीनं मोबाईलवाल्याकडून आणलेली आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, बाटली काढली आणि दोन्ही कड्या कापडानं पुसल्या. तिसऱ्यांदा पुसल्यावर कापडावर पिवळट डाग उठायचा थांबला. मामा उगाच इकडं-तिकडं करत होते. पस्तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून कुठलीही मोटार कोरडी बाहेर पडली नव्हती.

जाण्याआधी त्यांनी दोन्ही गटांना मीटर लावून बघितला. काटा हललाच नाही. "ओपन आहे," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. "कंडेन्सर कसा दाखवंल? ही निस्ता कंडेन्सरच हाय."

दुसऱ्या दिवशी मी मोटार न्यायला गेलो तेव्हा भाचीचा फोन येऊन गेला होता. लेन्स फिरली. एका दिशेला जाताना अजून बारीक चिरकते. मामांचं निदान तयार होतं: एका गटाला फेज नीट पोचत नाही, स्टार्टिंगचं बघा. ते चूक की बरोबर, हे ती लेन्स परत उघडेपर्यंत कळणार नव्हतं.

मी सही करायला वही ओढली. माझ्या मोटारीच्या वरच्या ओळीत नवी नोंद होती. मोटारीचा प्रकार: बांगडी. स्लॉट: आडवी रेघ. टर्न: आडवी रेघ. गेज: आडवी रेघ. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं, "तेल टाकू नये", आणि खाली दोनदा अधोरेखित केलं होतं.